मुख्य पडद्याला लागलेली नजर

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. ते मी घातलेलं नाही, हैदराबादला नोकरी करणाऱ्या लेकीनं घातलंय, आणि काही अडलं की ती तिथूनच माझा पडदा उघडते. वेगळा, तिचा तिचा पडदा नव्हे. माझ्या टेबलावर जो आहे तोच, मुख्य. मी इथं परभणीत चहा पीत बसते आणि माझ्या डोळ्यांदेखत बाण आपला आपण फिरायला लागतो, फायली उघडतो, नको ते पुसून टाकतो. त्याआधी मात्र एक चौकट येते आणि विचारते, अमुक माणसाला तुमचा पडदा बघायचा आहे, येऊ द्यायचं का?

मी लगेच ‘हो’ दाबत नाही. लेक फोनवर ओरडते, “आई, दाब ना, मला मीटिंग आहे!” मी म्हणते, थांब गं, चष्मा शोधतेय. चष्मा नाकावरच असतो. तिला पाच मिनिटं दाराबाहेर उभं करण्यात मला जे सुख मिळतं ते फार जुनं आहे, आणि त्यात तिचा बिचारीचा काहीच दोष नाही.

मागच्या महिन्यात ती म्हणाली, “आई, या असल्या करामती तुमच्या काळात नव्हत्या.” तेव्हाच ठरवलं की हे लिहून काढायचं. कारण ही करामत मी केली तेव्हा तिचा जन्म व्हायचा होता.

मी तेव्हा परभणीत एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर टायपिस्ट होते. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे. येलदरीच्या पाटाचं पाणी कोणत्या गावात कुणाच्या शेताला, कुणाचा गहू, कुणाचा उन्हाळी भुईमूग, अशा याद्या तिथं व्हायच्या. रोज सकाळी पूर्णेहून पॅसेंजरनं निघायचं, मिरखेल, पिंगळी करत परभणी, आणि संध्याकाळी तसंच परत. वडील पूर्णा स्टेशनाच्या टोकाला उंच केबिनमध्ये कामाला होते. तिथं लोखंडी दांड्यांची रांग होती. इथं दांडा ओढला की तिकडं लांब सिग्नलचा हात खाली पडायचा. लहानपणी मला वाटायचं, माझा बाप जादूगार आहे. मग एके दिवशी त्यांनीच रुळाच्या कडेनं गेलेली तार दाखवली. म्हणाले, “जादू न्हाई पोरी, तार हाय.” मी जरा हिरमुसले होते.

कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली, रंग दिला, खाली लिनोलियम अंथरलं आणि एसी बसवला. साहेबांच्या स्वतःच्या खोलीत एसी नव्हता. दारावर पाटी लागली, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. साहेबसुद्धा बूट काढून मोज्यांवर आत जायचे आणि बाहेर येताना चेहरा असा, की आत्ता प्रसाद घेऊन आले. त्यांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते सगळ्या कचेरीला कॉम्प्युटरमुळेच कळलं.

मशीन एकच, पण पडदे दोन होते. आतला तो मुख्य, त्याच्यापुढं मुख्य कीबोर्ड. दुसरं टर्मिनल बाहेर, आवक-जावकच्या खोलीत. भिंतीला मूठभर भोक पाडून आतून त्याची वायर आणली होती. तिथं मी बसायची. माझ्या पडद्यावर मला माझंच काम दिसायचं, म्हणजे पत्रं, स्मरणपत्रं, आवक-जावकची नोंद. गावांच्या याद्या, त्यांची छपाई, फ्लॉपीवर उतरवणं, ही खरी कामं फक्त मुख्य पडद्यावरून व्हायची, आणि तो पडदा मी कधी पाहिलाही नव्हता. मला आत जायची परवानगी नव्हती.

कारण धूळ. साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात बोलावून सांगितलं, “अहो बाई, तुम्ही रेल्वेनं येता. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही.” मी म्हटलं, साहेब, चपला बाहेर काढीन, पाय धुऊन येईन. ते म्हणाले, “तसं नाही हो. सूक्ष्म धूळ असते.”

ही सूक्ष्म धूळ म्हणजे काय, हे मला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. माझ्या आईला तिच्या गावच्या विहिरीवर हीच धूळ सांगितली होती, फक्त तेव्हा तिला सूक्ष्म म्हणत नसत. मला राग यायचा, खूप यायचा. पण रोजंदारीचा हुकूम दर महिन्याला नवा निघायचा आणि त्याच्यावर सही याच साहेबांची असायची. राग गिळून मी दुसरी सोय पाहिली. वायरच्या भोकातून एसीचा गार वारा बाहेर यायचा. मी टर्मिनल रोज चार बोटं सरकवत अशा जागी आणलं की वारा थेट माझ्या मानेवर. परभणीच्या मे महिन्यात आख्ख्या कचेरीत गारव्याला बसणारी माणसं दोनच होती, एक आतला आणि एक मी.

आतला म्हणजे साहेबांचा मेव्हणा. साहेबांची मुलं त्याला मामा म्हणायची म्हणून सगळी कचेरी त्याला मामा म्हणायची. नांदेडला त्यानं तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि सर्टिफिकेट काचेत घालून मुख्य पडद्याच्या वर टांगलं होतं. मामा माणूस वाईट नव्हता. आळशी होता, आणि मराठी टायपिंगला एका बोटाचा धनी होता. आत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरायचा. सुपारीला बहुतेक सूक्ष्म धूळ नसते.

आणि दाराशी चचा. हे आमचे शिपाई, रिटायर व्हायला आलेले. त्यांच्याकडे काम एकच, आत गेलेल्यांच्या चपला-बूट राखणं. ते दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात स्टूल टाकून बसायचे, त्यामुळे त्यांना मामाही दिसायचा आणि मीही. मला म्हणायचे, “बेटी, मैं बी तेरे जैसाच. चप्पलां देखता, अंदर का तमाशा नक्को मेरेकू.”

खरी गोष्ट खंडेनवमीला सुरू झाली. त्या दिवशी कचेरीत सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. जीपला हार, सायक्लोस्टाइलला हार, टाइपरायटरला कुंकू. नव्या देवाचा मान मोठा, म्हणून मुख्य पडद्याला झेंडूची माळ आणि वर मधोमध कुंकवाचं बोट. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा मामाला वाटलं, खाली फोडला तर लिनोलियमवर डाग पडेल. म्हणून त्यानं तो टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला. नारळ चांगला पाणीदार निघाला. ते सगळं पाणी कीबोर्डात गेलं.

बाहेर माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा पडला, जरा उंचावरूनच. मी तो खाताना विचार केला की नारळाचं पाणी आत चालतं, मी चालत नाही. खोबरं गोड होतं, ते का नाकारू?

दुसऱ्या दिवसापासून मुख्य कीबोर्डाचं एक बटण दाबलं की तीन अक्षरं उमटत आणि तीन दाबली की एकही नाही. औरंगाबादहून कंपनीचा इंजिनियर एसटीनं आला. कीबोर्ड उलटा केला, त्यातून पाणी, खोबऱ्याचा कीस आणि सुपारीचं खांड पडलं. तो म्हणाला, नवा यायला महिना लागेल. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. याद्या तर वरून मागितलेल्या होत्या. मग इंजिनियरनं बॅगेतून एक फ्लॉपी काढली, तासभर खटपट केली, आणि बाहेर माझ्याजवळ येऊन म्हणाला, “बघा आता.”

माझ्या टर्मिनलवर मुख्य पडदा आला होता. आत जे दिसतं तेच माझ्यापुढं, अक्षर न् अक्षर, आणि मी जे टाइप करीन ते आतल्या पडद्यावर. मला वाटलं होतं मुख्य पडदा म्हणजे काही थोर गोष्ट असेल. काळ्यावर हिरवी अक्षरं, माझ्यासारखीच. एवढ्यासाठी मला दीड वर्ष बाहेर ठेवलं होतं!

मामा तेव्हा पानाला गेला होता, म्हणून इंजिनियरनं पुढचं मलाच सांगितलं. “ही सोय नवा कीबोर्ड येईपर्यंतच हं. तो आला की ही छोटी कमांड द्या, बंद होईल. मुख्य पडद्यावर हात एकाचाच असावा.” मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे वचन नव्हे.

महिनाभर मामा आत पडदा बघत बसला आणि भोकातून ओरडत राहिला. “बाई, पोखर्णी काढा! बाई, गव्हावाले वर घ्या!” मी बाहेरून टाइप करायची. त्या महिन्यात मी मुख्य पडद्याची सगळी विद्या शिकले. यादी लावणं, गाव शोधणं, छापणं, फ्लॉपीवर उतरवणं. मामा आत राहूनही यातलं काही शिकला नाही, कारण ओरडण्यातच त्याचा दिवस जाई.

दिवाळीनंतर नवा कीबोर्ड आला. मामानं त्याला अत्तर लावलं आणि ठरवून टाकलं की आता बाहेरची सोय आपोआप बंद. माझी बोटं त्या छोट्या कमांडवर गेली होती, खोटं सांगत नाही. पण तेवढ्यात एक टपाल आलं आणि मी आवकचं रजिस्टर उघडलं. नंतर राहूनच गेलं.

इंजिनियरनं जाताना मामाला एक खेळ देऊन ठेवला होता. अक्षरांचा साप, तो दाणे खात लांब व्हायचा आणि भिंतीला धडकला की मरायचा. दुपारी जेवणानंतर मामा साप खेळायचा. मला तो माझ्या पडद्यावर दिसायचा. पहिले दोन दिवस मी नुसती बघत बसले. तिसऱ्या दिवशी साप चांगला लांबलचक झाला होता, आणि मी एकच बटण दाबलं. साप वळला आणि भिंतीवर आपटला. आतून “आयला!” असा आवाज आला. मी चौथ्यांदा मारला तेव्हा मामा बाहेर येऊन चचांना म्हणाला, “चचा, मशिनीला नजर लागली बगा.” दुसऱ्या दिवशी मुख्य पडद्याला काळ्या दोऱ्यानं लिंबू-मिरची बांधलेली होती. त्या दुपारी मी सापाला हात लावला नाही. मामा खूश झाला, त्याचा लिंबावर विश्वास बसला. त्याच्या पुढच्या दुपारी मी परत मारला. चचा स्टुलावर हसून हलत होते, त्यांना सगळं दिसत होतं. “बेटी, गुनाह लगता,” म्हणाले, आणि मग हळूच, “कल बी मार.”

पण माझा घात माझ्याच सवयीनं केला. मामा एका बोटानं याद्या भरायचा आणि गावांची नावं वाटेल तशी लिहायचा. ज्या गावांवरून माझी गाडी रोज जायची त्यांची अशी दशा मला बघवेना. एकदा तो टाइप करत असतानाच मी मागून एक नाव पुसून नीट लिहिलं. मग दुसरं. तिसऱ्याला आतली टकटक थांबली. थोड्या वेळानं मामा माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

“बाई,” तो म्हणाला, “त्या मशिनीत तुमी हाव का?”

“मी कुठं? मी तर बाहेर हाय,” मी म्हणाले.

त्यानं माझ्या पडद्याकडं बघितलं. तिथं त्याची अर्धवट यादी होती. मला वाटलं, आता हा साहेबांकडं, आपल्या दाजींकडं धावतो आणि माझा हुकूम संपतो. पण मामानं स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसला आणि डबीतली सुपारी पुढं केली. “मंग असं करू,” तो म्हणाला, “तुमीच भरत जा. मला लय तरास व्हायलाय त्या मराठीचा.” कोण कुणाला मामा बनवत होतं, ते त्या क्षणी आम्हा दोघांनाही नक्की कळलं नसावं.

तेव्हापासून काम माझं आणि खुर्ची त्याची. साहेब आत आले की मामा बोटं हलवायचा, बाहेरून मी टाइप करायची. चचा दारातून खूण द्यायचे. एक खोकला म्हणजे सुरू, दोन म्हणजे थांब. मामाची बोटं हळूहळू इतकी सराईत झाली की पेटी वाजवणाऱ्यानं लाजावं. साहेब खुर्चीमागं उभे राहून बायकोच्या भावाकडे कौतुकानं बघत राहायचे. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, याची मला गंमत वाटायची आणि तितकाच संतापही यायचा.

तो विद्यापीठाच्या नामांतराचा हिवाळा होता. संक्रांतीला आमच्या पूर्णेत गुलाल उधळला, वडिलांनी केबिनमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. मी परभणीलाही पेढे नेले. कचेरीत त्या विषयावर माझ्यासमोर कुणी बोलत नसे, मी उठून गेले की बोलत. पेढे मात्र मामानं खाल्ले, चचांनी खाल्ले. साहेब म्हणाले, टेबलावर ठेवा, नंतर घेतो. संध्याकाळी पेढा तिथंच होता.

आणि त्याच महिन्यात ऑपरेटरची एक कायम जागा मंजूर झाली. औरंगाबादहून वरिष्ठ साहेब येणार, मशीनवरचं काम डोळ्यांनी बघणार आणि तिथंच नाव पक्कं करणार. आमच्या साहेबांनी मामाचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. मला बोलावून म्हणाले, “ऑपरेटर कायम झाला की रोजंदारीची गरज राहणार नाही. मार्चनंतर तुमचा हुकूम निघणार नाही, आधीच सांगून ठेवतो.” मी धीर करून म्हटलं, “साहेब, मलाही काम दाखवू द्या. मला येतं.” त्यांनी माझ्याकडं खरोखरच्या नवलानं बघितलं. “अहो, पण तुम्ही आत कशा येणार?”

घरी धाकट्या दोन बहिणी शाळेत होत्या आणि वडिलांची नोकरी वर्षभराची उरली होती. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी पिंगळीपासून पूर्णेपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडत आले.

दुसऱ्या दिवशी मामा आला, आवाज एकदम मऊ. “बाई, त्या दिवशी तेवढं सांभाळून घ्या. मी कायम झालो की दाजीला सांगून तुमचंबी बगतो.” नाही म्हणाले असते तर मार्चच्या आधीच घरी गेले असते. मी हो म्हटलं. वडिलांना सगळं सांगितलं, सापासकट. सापावर ते पोट धरून हसले. मग म्हणाले, “खोटा सिग्नल कधी द्यायचा न्हाई, पोरी. पण गाडी कुठं हाय, त्ये सांगायचं काम केबिनीचंच असतंय.”

तो दिवस उजाडला. मी माझ्या टर्मिनलवर बसले, मानेवर एसीचा वारा. पावलं वाजली, दार उघडलं, आणि बुटांचा आवाज सरळ आत गेला. चचांनी माझ्याकडं वळून डोळे मोठे केले. “बड़े साब बूट पहनकोच गए,” ते कुजबुजले. “मैं बोलने लगा तो अपने साब आँखां दिखाए.”

एक खोकला आला. मी सुरू झाले. भोकातून सगळं ऐकू येत होतं.

“पोखर्णीची यादी काढा,” पाहुण्या साहेबांचा आवाज. मी काढली. “आता नुसते गहूवाले.” काढले. “जास्त क्षेत्र असलेले आधी.” लावले. “वा! हात काय चालतो यांचा!” ते म्हणाले, आणि आमचे साहेब हसले, मामा हसला. माझी शाबासकी माझ्या देखत, म्हणजे माझ्या ऐकत, भिंतीपलीकडं दुसऱ्याच्या खिशात जात होती. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

मग त्यांनी पत्र सांगायला घेतलं. सावकाश, एकेक वाक्य, आणि मी बरोबरीनं टाइप करत होते. तिसरं वाक्य सांगून झालं, मी अजून त्याच्या मधेच होते, तोच आमच्या साहेबांना आनंद आवरेना. ते म्हणाले, “साहेब, आधी तुमचा सत्कार! आमच्या ऑपरेटरच्याच हातानं हार घालू द्या.” खुर्ची सरकली. टाळ्या सुरू झाल्या.

मी दाराकडं बघितलं. आता दोन खोकले यायला हवे होते. चचांनी माझ्याकडं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि मान वर करून छताकडं बघत बसले, जणू तिथं पाल होती.

मला कळत होतं. टाळ्या म्हणजे हार, आणि हार म्हणजे मामाचे दोन्ही हात झेंडूत. थांबायला मला खोकल्याची गरज नव्हती. चूक झाली, असं मी आजवर पुष्कळांना सांगितलंय. इथं खरं लिहिते. मी ते तिसरं वाक्य शांतपणे पुरं केलं, पूर्णविराम दिला, आणि खाली नव्या ओळीवर टाइप केलं, ‘मी बाहेर आहे.’

टाळ्या एकेक करून विझल्या. भोकातून फक्त एसीची घरघर येत होती. मग माझ्या पडद्यावर, माझ्या वाक्याखाली, अक्षरं उमटायला लागली. एकेक, फार हळू, शोधून शोधून. ‘कोण.’

मामाला एवढंही शुद्ध येत नव्हतं. तिथं पाहुणे साहेब स्वतः बसले होते.

‘टायपिस्ट. याद्या मी करते,’ मी लिहिलं. तोंडानं सांगायचं असतं तर ‘साहेब’ म्हणण्यातच अडकले असते; टायपिंगला तोंड लागत नाही, हा त्या यंत्राचा मोठाच गुण.

‘आत या.’

‘मला आत यायची परवानगी नाही.’

मग आलं, ‘का.’

भिंतीपलीकडं माझे साहेब उभे होते आणि मी जे लिहिणार ते त्यांच्या डोळ्यांपुढं उमटणार होतं. आईच्या विहिरीपासून टेबलावर राहिलेल्या पेढ्यापर्यंत सगळं लिहावंसं वाटलं. पण त्यांचेच शब्द जास्त चांगले होते. मी लिहिलं, ‘कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून.’

दारातून दोन खोकले आले. आता काय उपयोग! मी वळून बघितलं तर चचा खांद्यावरची दस्ती तोंडात कोंबून हसत होते.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. मामा हार हातात तसाच धरून म्हणाला, “साहेब, खरं सांगतो, समदं बाईच करत्यात. मला त्यातलं काई येत न्हाई.” त्या एका वाक्यासाठी मी त्याचे सगळे गुन्हे माफ केले, आणि माझे त्याच्याकडून माफ झाले असं धरलं. पाहुण्यांनी आम्हा दोघांनाही टाइप करायला लावलं. मेमध्ये हुकूम आला, त्याच्यावर माझं नाव होतं. मामानं पुढं जिंतूरला खताचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चालवलं. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं. सापाचं मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पण मला आठवतं ते हुकुमाचं पाकीट नव्हे, ते दार. पाहुण्या साहेबांनी ते स्वतः उघडलं आणि म्हणाले, “या.” मी उठले, उंबऱ्याशी आले आणि सवयीनं चपला काढायला वाकले. खाली ओळीनं सगळ्यांची पादत्राणं होती. आमच्या साहेबांचे बूट, मामाच्या सँडल, हेडक्लार्कच्या चपला. पाहुण्यांचे बूट त्या ओळीत नव्हते. ते त्यांच्या पायांत होते.

मी सरळ उभी राहिले आणि चपला घालून आत गेले. पूर्णेची, मिरखेलची, पिंगळीची धूळ, सूक्ष्म आणि जाडीभरडी दोन्ही, माझ्या पाठोपाठ लिनोलियमवर उमटत आली. आमचे साहेब माझ्या पायांकडं बघत होते. खोली मी समजत होते त्याच्या निम्मीच होती. कुंकू आणि लिंबाखाली पडद्यावर माझी वाक्यं तशीच होती. मी खुर्चीत बसले.

संध्याकाळी चचा ओलं फडकं घेऊन आले. दारापासून खुर्चीपर्यंत गेलेले ठसे त्यांनी बघितले आणि फडकं पिळून बादलीच्या काठावर वाळत टाकलं.

“पोछा कल मारता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा ठसे तिथंच होते. मी बटण दाबलं आणि मशीन रोजच्यासारखं सुरू झालं.